तुंब्यानं प्लेटमधले जंतू मरायलेत, मग नानम्माच्या पायाची जखम का भरेना?

विडीघरकुलचा श्रीनिवास

नमस्कार. मी सोलापूरचा, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. प्रश्न प्रोजेक्टचा आहे आणि घरचाही आहे. दोन्ही एकमेकांत अडकलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घरचं. माझी आजी, आम्ही नानम्मा म्हणतो, ७१ वर्षांची. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं. साखर आहे. गोळ्या आहेत, पण कधी घेते, कधी विसरते. दिवाळीनंतर उजव्या पायाच्या अंगठ्याखाली चपलेचा फोड आला, तो फुटला आणि आज महिना होऊन गेला तरी भरत नाही. विचारलं तर म्हणते, दुखतच नाही, मग काळजी कशाची? रोज सकाळी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवरून तुंब्याचा पाला खुडून आणते. आमच्यात त्याला तुम्मी म्हणतात, गणेश चतुर्थीला त्याची भाजी होते. पाला पाट्यावर वाटायचा, जखमेवर थापायचा आणि जुन्या साडीच्या चिंधीनं बांधायचं. तिच्या आईनंही हेच केलं होतं म्हणे.

आता प्रोजेक्ट. सर म्हणाले, आपल्या भागातली झाडं घ्या. नानम्माच्या पाल्यावरूनच मला सुचलं. तुंबा पुदिन्याच्या कुळातला निघाला, मग मी त्याच कुळातल्या चार वनस्पती घेतल्या: तुंबा, आमच्या वृंदावनातली तुळस, लक्ष्मी मंडईतून आणलेला पुदिना आणि शेजारच्या काकूंच्या कुंडीतला पानओवा. पहिल्या तिघांचा पाला सावलीत वाळवला, पूड केली, ७० टक्के अल्कोहोलमध्ये तीन दिवस भिजवली, गाळून वॉटर बाथवर आटवली. जो चिकट अर्क राहिला तो परत त्याच अल्कोहोलमध्ये मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असा विरघळवला. पानओव्याचं पान जाड, पाणीदार. ते वाळेचना, बुरशी यायला लागली, म्हणून ताजंच वाटून अल्कोहोलमध्ये घातलं आणि गाळून तसंच वापरलं.

जंतू पसरलेल्या म्युलर हिंटन आगरवर (प्लेटमध्ये ओतलेली, जंतू वाढवायची जेली) ८ मिलिमीटरचे वेल, म्हणजे गोल खळगे, पाडले, प्रत्येकात १०० मायक्रोलिटर अर्क. वेलभोवती जंतू न वाढलेलं जे वर्तुळ दिसतं तो झोन. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर तुळशीचा झोन १४ मिलिमीटर आला, पुदिन्याचा १३, तुंब्याचा १४, पानओव्याचा २२. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर तिघांचा १२ आणि पानओव्याचा १६. तुलनेला जेंटामायसिन या अँटिबायोटिकची १० मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवली होती, स्टॅफिलोकॉकसवर तिचा झोन २१. प्रत्येकाच्या तीन प्लेट केल्या, सरासरी काढली.

त्या रात्री जेवताना मी घरी सांगितलं की तुंब्यानं जंतू मेले. पप्पा म्हणाले, बघ, कॉलेजनं सिद्ध केलं. नानम्माला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगून आली. माझ्या शिक्षणाबद्दल तिला इतकं खूश झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि आता दवाखान्याचं नाव काढलं की म्हणते, तुझ्याच कॉलेजात मेले ना जंतू?

मला रात्री झोप येईना झालीय. जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्यात आणि काल चिंधीला वास येत होता. प्लेटमध्ये जंतू मरतात, तर पायावर का मरत नाहीत? माझं काही चुकलंय का? घरगुती उपाय सुचवू नका, कृपा करून चूक दाखवा.

बाळ्याचा रोपवाला

भाऊ, जखमेचं मला कळत नाही, ते जाणत्यांनी सांगावं. झाडांचं सांगतो. माझी बाळ्याला पुणे रोडला रोपवाटिका आहे, वीस वर्षं झाली.

पहिलं म्हणजे तुम्ही आणलेला पाला तुंब्याचाच आहे याची खात्री करा. पडीक जागेत सारखी दिसणारी बरीच झाडं उगवतात. देठ चिमटीत धरून फिरवा, चौकोनी लागला पाहिजे. पानं समोरासमोर, आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी. पांढरी फुलं देठाभोवती गोल झुबक्यात येतात, एकेक फूल दोन ओठांचं. ज्वारीच्या बांधावर पोरं हे फूल उपटून मागून मध चोखतात, तोच तुंबा. नुसत्या चौकोनी देठावर मात्र जाऊ नका, घाणेरीचा देठही चौकोनी असतो आणि ती या कुळातली नाही.

या कुळाबद्दल लोकांचा फार गोंधळ असतो. मारवा या कुळातला, दवणा नाही. सबजा या कुळातला. ओवा, म्हणजे आपण फोडणीत टाकतो तो, कोथिंबिरीच्या कुळातला. पानओवा मात्र पुदिन्याच्या कुळातला, वास तेवढा सारखा. माझ्याकडं एक प्राध्यापक यायचे, त्यांनी सांगितलं की आता निर्गुडी आणि आपला साग हेसुद्धा याच कुळात धरतात. सागाचं रोप हातात घेऊन मी किती तरी वेळ त्याचा देठ बघत बसलो होतो. कोवळा देठ खरंच चौकोनी आहे.

आणखी एक. मोकळ्या प्लॉटवर कुत्री, डुकरं फिरतात, गटाराचं पाणी येतं. तिथला पाला मी भाजीलासुद्धा आणणार नाही. प्रयोगाला चांगली रोपं पाहिजे असतील तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत.

लॅबवाली काकू

श्रीनिवास, मी ३१ वर्षं सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं, त्यातली बरीचशी कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या, टेबलावर. तुझ्या प्रयोगाचं सगळं सांगते, पण त्याच्या आधी हे वाच: नानम्माला उद्या सकाळी दवाखान्यात ने. परवा नाही, उद्या. सिव्हिलला ने, नाही तर ओळखीच्या सर्जनकडं, पण ने.

दुखत नाही ही चांगली खूण नाही रे. खूप वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुतला तरी कळत नाही, चप्पल चावली तरी कळत नाही. त्यात पायाकडं जाणारं रक्त कमी झालेलं असतं, म्हणजे जखम भरायला जे लागतं तेच तिथं पोचत नाही. महिनाभर न भरलेली, वास येणारी, अंगठ्याखालची जखम हाडापर्यंत जाऊ शकते. वरून रुपयाएवढी दिसते आणि आत बोगदा असतो. तिच्या बरोबर तू स्वतः जा आणि डॉक्टरांना पाल्याचंही सांग, लपवू नका.

आता प्लेट. तू सगळं इतकं नीट लिहिलंस म्हणून चूक लगेच सापडली. तुझ्या प्लेटमध्ये चार अर्क आहेत, एक जेंटामायसिन आहे. नुसतं अल्कोहोल कुठाय? एका वेलमध्ये १०० मायक्रोलिटर ७० टक्के अल्कोहोल घालून ठेवायला हवं होतं. आपण हात कशानं पुसतो, तेच ना ते? वेलमध्ये घातलेलं अल्कोहोल आगरमध्ये पसरतं आणि स्वतःच झोन पाडतं. तुझे १२, १३, १४ हे आकडे मला पाल्याचे वाटत नाहीत, अल्कोहोलचे वाटतात. आणि झोनच्या मापात ८ मिलिमीटरचा वेल धरलेला असतो हे विसरू नकोस. उद्याच लाव, बाकी सगळं तेच ठेवून.

दुसरी गोष्ट. तुळस आणि पुदिना आटवताना लॅबभर वास सुटला होता ना? तो वास म्हणजेच तुझं औषध होतं. या कुळातल्या पानांवर आणि देठांवर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, भिंगातून बघितलंस तर दवाच्या थेंबासारख्या चमकतात. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास येतो. तुळशीत युजेनॉल असतं, लवंगेतलं मुख्य तेल तेच. मंडईतल्या पुदिन्यात साधारणपणे कार्व्होन असतं. लोकांना वाटतं मेन्थॉल, पण मेन्थॉलचा पुदिना वेगळा. तो उत्तर प्रदेशात बाराबंकीकडं शेतीसारखा पिकवतात आणि भट्टीत वाफेवर त्याचं तेल काढतात. पानओव्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल. ओव्यात थायमॉल असतं, म्हणून दोन वेगळ्या कुळांतल्या झाडांचा वास एक. ही सगळी उडून जाणारी द्रव्यं. उघड्या भांड्यात वॉटर बाथवर ठेवलीस, उडाली. मागं राहिलं ते हिरवं द्रव्य, रोझमेरिनिक आम्ल वगैरे. त्यातही थोडा गुण आहे, पण तेलाची धार त्याला नाही. पानओवा तू आटवला नाहीस, म्हणून त्याचं तेल त्यातच राहिलं. थोडक्यात, चौघांना तू एका मापानं मोजलंच नाहीस. पानओव्याचा २२ मला खरा वाटतो, पण तो तुळशीशेजारी त्याच तक्त्यात मांडता येणार नाही.

तिसरं. वडील जर म्हणायला लागले की पानओवा २२ आणि इंजेक्शनचं औषध २१, म्हणजे पानओवा भारी, तर त्यांना हा हिशोब दाखव. जेंटामायसिनच्या डिस्कमध्ये १० मायक्रोग्रॅम औषध होतं. तुझ्या तुळशीच्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटर गुणिले मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिग्रॅम अर्क. १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. हजारपट. शिवाय औषध पाण्यात विरघळतं, आगरमध्ये लांब जातं. तेल पाण्याला धरत नाही, जागेवर बसतं, त्यामुळं चांगल्या तेलाचाही झोन कधी कधी लहान दिसतो. झोनच्या मिलिमीटरवरून कोण भारी हे ठरत नाही. त्यासाठी एमआयसी काढावी लागते, म्हणजे कमीत कमी किती द्रव्यात जंतूंची वाढ थांबते ते.

हे सगळं ऐकून या झाडांत काही नाही असं मात्र समजू नकोस. आहे, आणि ते काम कसं करतं हे शिकले तेव्हा मला फार आनंद झाला होता. जंतूच्या भोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल त्या आवरणात शिरतात, त्याची वीण सैल करतात. मग आतलं पोटॅशियम बाहेर गळायला लागतं, आत-बाहेरचा आम्लतेचा फरक मोडतो, ऊर्जा तयार होणं थांबतं. रांजणाला बारीक चिरा पडून पाणी झिरपून जावं तसा जंतू रिकामा होतो. स्टॅफिलोकॉकसवर हे लवकर होतं. ई. कोलायला बाहेरून आणखी एक आवरण असतं, ते तेलाला अडवतं, म्हणून तुझा पानओवा तिथं २२ वरून १६ वर आला. तो फरक खरा आहे आणि तुझ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात चांगली नोंद तीच आहे. तोंड धुवायच्या किती तरी औषधांत थायमॉल आणि मेन्थॉल आजही असतं.

पण गाळलेलं, मोजलेलं तेल वेगळं आणि पाट्यावरचा पाला वेगळा. प्लेटमध्ये जंतू एकटा असतो, मोकळा, उघडा. जखमेत तो पू आणि मेलेल्या कातडीच्या आड, स्वतःच्या चिकट थरात दडून बसलेला असतो. पुवातली प्रथिनं ही द्रव्यं धरून ठेवतात, जंतूपर्यंत पोचूच देत नाहीत. आणि पाला स्वतः कुठं निर्जंतुक आहे? तुला एक प्रयोग सांगते. नानम्मा वाटते तसाच पाला वाट, तिच्यासारखाच धुऊन घे, आणि लूपनं, म्हणजे तारेच्या कडीनं, थोडा न्यूट्रियंट आगरवर पसर. रात्रभर ३७ अंशांवर ठेव. प्लेट घरी नेऊ नकोस, झाकण लावूनच फोटो काढ, आणि काम झालं की ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेवर जंतू मारूनच टाक.

मी नवीन नोकरीला लागले होते तेव्हा साखर पेठेतला एक यंत्रमाग कामगार आला होता, पायाला कुठला तरी पाला बांधून. त्याच्या जखमेचा स्वॅब, म्हणजे बोळ्यावर घेतलेला नमुना, मीच लावला होता. कल्चरला दोन दिवस लागतात, ते कुणाच्या हातात नसतं. रिपोर्ट न्यायला त्याची बायको आली, तिनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. अंगठा वाचला नाही. पाला बांधला नसता आणि तीन आठवडे आधी आला असता तर वाचला असता असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी आईच्या तुळशीला पाणी घातलं तेव्हा मला तो पाय दिसत होता. म्हणून म्हणते, उद्या.

वैद्य, मंगळवेढा

काकूंशी पूर्ण सहमत. मी आयुर्वेदाचा चिकित्सक आहे, म्हणून माझ्या बाजूनं दोनच गोष्टी.

सुश्रुतांच्या सुरसादि गणात, म्हणजे औषधी वनस्पतींच्या एका गटात, पहिली सुरसा, म्हणजे तुळस, आणि त्या गणाच्या गुणांत व्रणशोधन, म्हणजे जखम साफ करणं, सांगितलं आहे. तेव्हा या कुळाचा जखमेशी संबंध जुना आहे. पण व्रण धुवायला सांगितला आहे तो उकळलेला काढा, कच्चा पाला नव्हे.

आणि त्याच सुश्रुतांनी हेही स्पष्ट सांगून ठेवलं आहे की मधुमेही माणसाचा व्रण कष्टानं बरा होतो. आजींना हे सांगा. जुन्या लोकांनीच सांगितलंय म्हटल्यावर कदाचित ऐकतील. माझ्याकडं असा पाय आला तर मी पट्टी करत बसत नाही, आधी सर्जनकडं पाठवतो.

विडीघरकुलचा श्रीनिवास

काकू, तुमचं उत्तर रात्री साडेअकराला वाचलं. सकाळी नानम्मा तयार झाली नाही. पप्पांनाही पटेना, म्हणाले, दिवस मोडतो, तू आधी कॉलेजला जा. मी रडलो, खरं सांगतो. मग कॉलेजात जाऊन दोन्ही गोष्टी लावल्या: नुसतं अल्कोहोल, आणि पाला. पाला नानम्माच्याच पाट्यावर वाटून, तिच्याच हातानं धुतलेला, डबीत घालून नेला होता. संध्याकाळी पोस्टचा फक्त साखरेचा आणि नसांचा भाग पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला. नुसत्या अल्कोहोलचा झोन स्टॅफिलोकॉकसवर १३, ई. कोलायवर १२.

म्हणजे तुंब्याचं माझं १४ होतं, त्यातलं १३ अल्कोहोलचं. एक मिलिमीटर तर पट्टी धरताना हात हलला तरी येतो. पुदिन्याचं सगळंच अल्कोहोलचं. तुळशीचंही तेच. पानओवा तेवढा राहिला. मी बाकावर बसून तीच प्लेट किती वेळ उजेडाकडं धरून बघत होतो. हीच प्लेट मी घरी जेवणाच्या ताटावर आणून ठेवली होती, शब्दांत.

पाल्याची प्लेट तर बघवेना. जिथं जिथं लूप फिरवला तिथं सलग, दाट वाढ. पांढऱ्या, पिवळ्या कॉलन्या, कडेला बोटाएवढी पसरलेली खरखरीत कातडीसारखी एक, सरांना ती बॅसिलस नावाच्या जंतूची वाटली. एक मोकळी जागा नव्हती.

फोटो घेऊन घरी गेलो. नानम्माला मोतीबिंदू आहे, म्हणून मोबाईल तिच्या डोळ्यांजवळ धरून फोटो मोठा केला. तिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, तुझ्या पाल्यात होतं ते, एका रात्रीत वाढलंय. ती म्हणाली, मी धुतला होता की रे. मी म्हटलं, हो, तूच धुतला होतास. मग मी तिला सांगितलं की माझी चूक झाली, तुंब्यानं जंतू मेले नव्हते, मी ज्यात तो भिजवला त्या अल्कोहोलनं मेले होते. हे बोलताना मला फार जड गेलं, कारण ती गल्लीभर सांगून आली होती. ती थोडा वेळ पायाकडं बघत बसली. मग वैद्यांनी लिहिलेलं सुश्रुतांचं सांगितलं. त्यावर एकदम म्हणाली, एवढ्या जुन्या काळापासून माहीत आहे होय हे?

सकाळी पेटीतली निळी साडी नेसून सगळ्यांच्या आधी दारात उभी होती. पप्पांनी कारखान्यात खाडा केला. आम्ही तिघं रिक्षानं गेलो.

लॅबवाली काकू

काय सांगितलं डॉक्टरांनी? एक्स-रे काढला का? स्वॅब घेतला का? जमेल तेव्हा लिही, मी बघतेय.

आणि घरी चूक कबूल केलीस ते फार मोठं केलंस. लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेली माणसंसुद्धा आपला रिपोर्ट मागं घेताना कचरतात.

विडीघरकुलचा श्रीनिवास

काकू, उशीर झाला, माफ करा. रोज ड्रेसिंगला न्यावं लागतं आणि परीक्षाही आली.

साखर ३१२ निघाली. डॉक्टरांनी मेलेली कातडी काढली, आत सळई घालून बघितली. एक्स-रेमध्ये हाड धरलेलं नाही, थोडक्यात वाचलं म्हणाले. इन्सुलिन सुरू झालंय. त्या पायावर भार द्यायचा नाही, म्हणून विडीचं काम बसूनही बंद, कारण पान आणायला, माल द्यायला चालावं लागतं. तिला ते सगळ्यात जास्त लागलंय. आई आणि मी मिळून तिचा माल पोचवतो.

स्वॅबचा रिपोर्ट आला: स्युडोमोनास, म्हणजे वेगळाच जंतू. मी सरांना विचारून कॉलेजच्या साठ्यातल्या स्युडोमोनासवर पानओव्याचा अर्क लावून बघितला. झोन अल्कोहोलएवढाच, त्यापलीकडं काही नाही. स्टॅफिलोकॉकसवर २२ देणारं हेच द्रव. सरांनी समजावलं की याचं बाहेरचं आवरण फारच घट्ट, आणि आत शिरलेलं द्रव्य तो पंपासारखं बाहेर फेकतो. म्हणजे माझं पहिल्या दिवशीचं सगळं बरोबर असतं, तुंब्यानंही खरंच २२ दिलं असतं, तरी नानम्माच्या पायातल्या जंतूबद्दल मला त्यातून काहीच कळलं नसतं. मी कुणाला मारायला निघालो होतो हेच मला माहीत नव्हतं.

प्रोजेक्टचं नाव बदललं. आता फक्त पानओवा, आणि सोबत अल्कोहोलचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या अल्कोहोलचा वेल. पहिल्या पानावर कंट्रोलच्या वेलचा फोटो लावलाय. सर आधी म्हणाले, चुकलेले निकाल कशाला छापतोस? मी म्हटलं, राहू द्या सर. मग त्यांनी राहू दिले. बाळ्याच्या भाऊंकडून पानओव्याच्या चार कुंड्या आणल्या, त्यांनी खरंच पैसे घेतले नाहीत. एक कुंडी नानम्माच्या खाटेशेजारी ठेवलीय. पानांची भजी करते म्हणते, पाय बरा झाल्यावर. कालच्या ड्रेसिंगला कडा गुलाबी दिसल्या. डॉक्टर म्हणाले, दोन महिने तरी लागतील.

आता फार्मसी कॉलेजातल्या एका मित्राच्या ओळखीनं क्लेव्हेंजरचं उपकरण मिळतंय. ताज्या पानांचं तेल काढून एमआयसी करायचीय, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये, रेझाझुरिन घालून, म्हणजे जिथं जंतू जिवंत तिथं निळ्याचं गुलाबी होईल. तेल पाण्यात मिसळायला ट्वीन ८० घालायला सांगितलंय. काकू, ते किती टक्क्यांवर ठेवू?

लॅबवाली काकू

०.५ टक्क्याच्या वर जाऊ नकोस. आणि एका ओळीत नुसता ट्वीन ठेव, तेल न घालता.